फळ्यावरचं नाव आणि पेन्सिलचं टोक : तिसरीच्या वर्गातलं एक प्रकरण

हे प्रकरण इंदूरमधल्या एका खाजगी प्राथमिक शाळेतलं आहे. शाळेचं नाव देत नाही. ओळख पटू नये म्हणून घरचे व्यवसाय आणि असे आणखी काही तपशील बदलले आहेत. मुलाला इथे छोटू म्हणू आणि मुलीला गुड्डी. इंदूरच्या कुठल्याही गल्लीत हाक मारलीत तर चार छोटू नि तीन गुड्ड्या धावत येतील, त्यामुळे काळजी नाही. मी त्या शाळेत आठवड्यातले तीन दिवस समुपदेशक म्हणून जाते. त्याआधी अकरा वर्षं वर्ग घेतले. पुढे ज्या चुका येतील, त्यांतल्या काही माझ्याच आहेत.

पार्श्वभूमी

शाळा जुन्या वस्तीत, राजवाड्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. पाटीवर इंग्रजी माध्यम, पण मैदानात, रांगेत आणि भांडणात हिंदीच. प्रत्येक वर्गात चार-पाच मुलं मराठी घरांतली. त्यातली काही होळकरांच्या काळापासून इथे स्थिरावलेल्या कुटुंबांतली, ज्यांच्या मराठीत माणसं भेटत नाहीत, 'मिळतात'. बाकीची अलीकडे खानदेशातून कामासाठी आलेल्यांची.

छोटू या दुसऱ्या गटातला. वडील मालवाहू गाडी चालवतात, लोहामंडी ते देवास नाका अशा दिवसभर फेऱ्या. आई घरी ब्लाउज शिवते. दुसरीपर्यंत तो जळगावकडे गावच्या मराठी शाळेत होता. आजीही गाव सोडून सोबत आली आणि त्याला इथे तिसरीत घातलं. प्रवेशाच्या वेळी तोंडी प्रश्न विचारले, त्याने पाढे धडाधड म्हणून दाखवले, प्रवेश झाला. त्याच्या हातात पुस्तक देऊन 'वाच' असं कोणी म्हटलं नाही.

वर्गात 41 मुलं. वर्गशिक्षिका सत्तावीस वर्षांची, नोकरीचं दुसरं वर्ष, मेहनती मुलगी. तिच्याकडे बोट दाखवायला हे लिहीत नाही. तिच्या जागी त्या वयात मीही तेच केलं असतं. किंबहुना केलंच आहे.

शाळेत छडी केव्हाच बंद झालेली. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे, आणि तशी पाटी कार्यालयाबाहेर लावलेलीही आहे. छडी गेली तेव्हा तिच्या जागी काय आणायचं हे मात्र कोणी शिक्षकांना सांगितलं नाही. त्यामुळे ज्याला जे सुचलं ते त्याने आणलं : वर्गाबाहेर उभं करणं, खेळाचा तास काढून घेणं, डायरीत लाल शाईने लिहून पाठवणं, प्रार्थनेत सगळ्यांसमोर माफी मागायला लावणं. आणि मॉनिटर.

मॉनिटरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ही पद्धत आपल्याला इतकी सवयीची आहे की ती डोळ्यांत भरतच नाही. मॅडम वह्या तपासत असतात किंवा पाच मिनिटं बाहेर जातात. एक हुशार मूल खडू घेऊन फळ्याशी उभं राहतं आणि बोलणाऱ्यांची नावं लिहितं. पुन्हा बोललं की नावापुढे फुली. मॅडम परत आल्या की यादीप्रमाणे शिक्षा. आपण सगळे यातून गेलो आहोत, कोणी खडूच्या बाजूने, कोणी फुलीच्या.

तक्रारींचं रजिस्टर

जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत छोटूच्या नावावर चौदा नोंदी होत्या. शेजाऱ्याच्या वहीचं पान फाडलं. डबा लपवला. रांगेत ढकललं. एकदा चावला. डायरीची पानं फाडून टाकली. प्रत्येक नोंदीपुढे काय शिक्षा दिली ते लिहिलेलं. नऊ वेळा 'बाहर खड़ा किया'.

हे रजिस्टर माझ्याकडे आलं ते सप्टेंबरात, पेन्सिलच्या घटनेनंतर. तोवर मी त्याला दोनदा भेटले होते, चित्रं काढून घेतली होती, 'लाजाळू, नव्या शहरात रुळतोय' असं लिहून ठेवलं होतं. रुळेल, असा माझा अंदाज. ही पहिली चूक. भाषा नवी, गाव नवं, इतकं सोपं उत्तर हाताशी असलं की माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही.

तो दिवस

अनंत चतुर्दशीची रात्र इंदूरमध्ये झांक्यांची, म्हणजे सजवलेल्या चित्ररथांची असते. कापड गिरण्या बंद पडून जमाना लोटला, तरी गिरणी कामगारांच्या झांक्या अजून निघतात आणि पहाटेपर्यंत अर्धं शहर रस्त्यावर असतं. दुसऱ्या दिवशी निम्मी मुलं आली नाहीत आणि काही शिक्षकही. म्हणून तिसरीच्या दोन्ही तुकड्या एका खोलीत बसवल्या. मुलांच्या डोळ्यांत झोप. वर्गशिक्षिकेने फळ्यावर इंग्रजीचा एक लांब परिच्छेद लिहिला, 'उतरवून घ्या' म्हणाली आणि हजेरीचं काम करायला कार्यालयात गेली. जाताना गुड्डीच्या हातात खडू दिला : ज्यांचं लिहून झालं नाही त्यांची नावं लिही.

गुड्डी आठ वर्षांची, नेटकी, आज्ञाधारक. तिने छोटूचं नाव लिहिलं. मग एक फुली, मग दुसरी, तिसरी. मागच्या बाकांवरून मुलं हसायला लागली. ती त्याच्या बाकाजवळ येऊन म्हणाली, "तूने तो एक लाइन भी नहीं लिखी." त्याने पेन्सिल मारली. टोक तिच्या गालात, डोळ्याच्या खाली दोन बोटांवर रुतलं आणि तुटलं.

आया बाईंनी तिला कार्यालयात आणलं. गाल धुतला, बर्फ लावला. पेन्सिलीचं 'शिसं' विषारी असतं म्हणून तिथे थोडी घबराट झाली. खरं तर पेन्सिलीत शिसं नसतंच, ग्रॅफाइट आणि माती असते. पण एवढ्याशा गोष्टीत वेळ गेला आणि मुख्य गोष्ट राहून गेली. तिच्या आईला फोन झाला तो शाळा सुटायच्या वेळी, दोन तासांनी. कार्यालयाचं म्हणणं, 'उगाच घाबरवायचं नव्हतं.' आई आली, गाल बघितला, काही न बोलता मुलीला घेऊन गेली. संध्याकाळी डॉक्टरांनी टोक काढलं, लसींचं कार्ड पाहिलं, डोळा वाचल्याचं सांगितलं. रात्री पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गालाचा फोटो आला आणि खाली साठ-सत्तर संदेश.

समोर असलेले पर्याय

दोन दिवसांनी बैठक झाली. प्राचार्या, वर्गशिक्षिका, संचालक मंडळातले एक सदस्य आणि मी. गुड्डीच्या वडिलांचं पत्र समोर होतं. मागणी एकच, मुलाला शाळेतून काढा.

संचालकांना ती मान्य होती. कायद्याचं माहीत असल्यामुळे त्यांनी वाटही काढून ठेवली होती : आपण काढायचं नाही, वडिलांकडूनच टीसीसाठी, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज लिहून घ्यायचा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 16 सांगतं की आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2019 साली नापास करण्यासंबंधी सुधारणा झाली, पण काढण्याची मनाई तशीच राहिली. ती खाजगी शाळांनाही लागू आहे. 'पालकांनी स्वखुशीने' लिहिलेले असे अर्ज किती शाळांच्या फायलींत पडून असतील, याचा विचार त्या दिवशी माझ्या मनात आला. प्राचार्यांनी नकार दिला. कायद्याच्या भीतीने नाही, असं त्या नंतर मला म्हणाल्या. "आठ वर्षांच्या मुलाला काढलं तर नवव्या वर्षी तो कुठल्या शाळेत जाईल आणि तिथल्या लोकांना काय सांगेल?"

दुसरा पर्याय, आठवडाभर घरी बसवणं. वर्गशिक्षिकेला हे हवं होतं, आणि तिची बाजू मला पटत होती. तिला चाळीस मुलं सांभाळायची होती आणि दोन रात्री झोप नव्हती. पण घरी बसून त्या मुलाचं काय होईल हे आम्हाला माहीत नव्हतं. तिसरा, प्रार्थनेत जाहीर माफी. त्यात माफी मागणाऱ्याबरोबर जिची माफी मागायची तिलाही पाचशे मुलांसमोर उभं राहावं लागतं, गालावर पट्टी घेऊन. तो तिथेच बारगळला. चौथा, तुकडी बदलणं. दुसऱ्या तुकडीच्या शिक्षिकेने हात जोडले, "मेरे यहाँ पहले से तीन हैं." विषय तिथेच संपला. तो तिथे संपायला नको होता, हे नंतर कळलं.

शेवटी ठरलं ते असं : दहा दिवस मागायचे. त्या दहा दिवसांत छोटू दुसऱ्या खोलीत, माझ्या किंवा ग्रंथपालांच्या नजरेखाली बसेल आणि मी शोधून काढेन की हे का होतंय. गुड्डीच्या पालकांना तसं कळवलं.

काय शोधलं

मी रजिस्टर आणि वेळापत्रक शेजारी ठेवलं. रजिस्टरमध्ये मुलाने काय केलं ते होतं, आपण काय केलं ते होतं. त्याच्या एक मिनिट आधी काय चाललं होतं, तो रकाना नव्हता. तारखा आणि तास जुळवत, वर्गशिक्षिकेच्या आठवणीवर जोर देत मी तो भरला. चौदापैकी दहा नोंदी फळ्यावरून उतरवून घेण्याच्या वेळेतल्या किंवा त्याच्या लगेच आधीच्या निघाल्या. गणिताच्या तोंडी तासाला एकही नाही.

पुढचा रकाना, 'नंतर काय झालं', तर आणखी बोलका. नऊ वेळा बाहेर उभं केलं होतं. आमचा व्हरांडा मैदानाकडे तोंड करून आहे. तिथे पाचवीची मुलं खो-खो खेळतात. आया बाई प्रेमळ, येता-जाता मूठभर सेव हातावर ठेवतात. म्हणजे ज्या कामाने त्याला घाम फुटत होता ते काम टळत होतं, वर खो-खो आणि सेव. आमच्या दृष्टीने ती शिक्षा होती. त्याने ती नऊ वेळा कमावली, एवढंच.

डोळे तपासून घेतले. ठीक निघाले. खरं सांगते, मला वाईट वाटलं. चष्म्याने भागलं असतं तर किती बरं झालं असतं. कानही तपासले, तेही ठीक.

मग त्याला वाचायला बसवलं. इंग्रजी येत नाही हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. तो अक्षरं चित्रासारखी उतरवायचा, एक-एक करून, मान वर-खाली करत, आणि तिसऱ्या अक्षराला जागा हरवायची. पण मी मराठीचं बालवाचनाचं पुस्तक पुढे ठेवलं, त्याच्या गावच्या शाळेत असतं तसं. 'कमळ' त्याने क-म- असं म्हटलं आणि ळ पाशी थांबला. हिंदीच्या पुस्तकात ळ नसतो, म्हणून अडला असेल असं मला क्षणभर वाटलं. मग 'बदक' दिलं. तेही ब, द, क असं सुटं-सुटंच. तीन अक्षरं जोडून त्याचं बदक होतच नव्हतं. हिंदी आणि मराठीची लिपी एकच, त्यामुळे 'घरी मराठी आहे म्हणून मागे पडतोय' ही आमची समजूत त्या 'बदक'पाशी कोसळली. तो कुठल्याच भाषेत वाचत नव्हता. पाढे, कविता, सगळं ऐकून पाठ. दोन वर्षं त्याने हे लपवलं होतं आणि तसं लपवायला बरीच हुशारी लागते.

केंद्र सरकारचा निपुण भारत कार्यक्रम 2021 मध्ये सुरू झाला तो नेमक्या याच वयासाठी, तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावं म्हणून. त्याच्यासारखी मुलं किती वर्गांत बाक धरून बसली असतील याचा अंदाज त्यावरून यावा. ही अध्ययन अक्षमता आहे का, हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. पालकांना तपासणीसाठी चिठ्ठी दिली, ती पुढे जानेवारीत झाली आणि निष्कर्ष 'वर्षभराने पुन्हा बघू' असा आला.

आजीची भेट

आईवडिलांना बोलावलं होतं, आली आजी. वडील फेरीवर, आई दिवाळीच्या कामात. आजी खुर्चीवर बसायला तयार नव्हती. बसली, पाणी प्यायली आणि मी विचारायच्या आत म्हणाली, "ताई, ती लाल अक्षरं घरी आली ना, की त्याचा बाप हात उचलतो. दोन डाव तर चपलेनं मारलं. म्हणून मीच फाडली ती पानं. पोरानं नाही फाडली."

डायरीची पानं फाडल्याबद्दल त्याला दोनदा बाहेर उभं केलं होतं. त्याने एकदाही आजीचं नाव घेतलं नव्हतं.

इथे एक निर्णय घ्यावा लागला आणि त्याबद्दल मी आजही पूर्ण निश्चिंत नाही. मारहाण गंभीर असेल तर 1098 या चाइल्डलाइनवर कळवणं हा आमचा मार्ग आहे. मुलाच्या अंगावर वळ नव्हते, तो वडिलांच्या गाडीबद्दल उत्साहाने बोलत होता, आजी घरात पाय रोवून होती. प्राचार्यांशी बोलून ठरवलं की आधी वडिलांना भेटायचं, जे ऐकलं ते तारखेसह लिहून ठेवायचं आणि पुन्हा कानावर आलं तर त्याच दिवशी फोन करायचा. दुसऱ्या एखाद्या समुपदेशकाने आधी फोन केला असता, आणि त्याला चूक म्हणण्याची माझी तयारी नाही.

वडील रविवारी आले, शाळा बंद असताना, कारण तोच एक दिवस मोकळा. मी आजीचं नाव घेतलं नाही. डायरीतली उरलेली दोन पानं पुढे ठेवली. दोन्हींवर एकच वाक्य होतं, 'कृपया बच्चे पर ध्यान दें.' ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही लिहून पाठवलं ध्यान द्या. मी सकाळी सहाला जातो, रात्री नवाला येतो. एवढ्यात ध्यान द्यायचं म्हणजे काय करायचं, ते लिहिलं नव्हतं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही घरी पाठवायचो ते शब्द शिक्षेची मागणी करत होते आणि त्यांनी ती पुरवली होती. तरी हात उचलणं बंद व्हायला हवं, हे मी स्पष्ट सांगितलं. त्यांनी मान डोलावली. डायरीतल्या लाल नोंदी त्या दिवसापासून बंद केल्या. त्याऐवजी शुक्रवारी रात्री नऊनंतर पाच मिनिटांचा फोन, एक बरी गोष्ट, एक अडचणीची आणि घरून काय हवं ते नेमकं.

गुड्डीची आई

दहा दिवसांनी मी गुड्डीच्या आईवडिलांना बोलावलं आणि हे सगळं सांगायला लागले. वाचता येत नाही, घरी मार, पुढची योजना. माझ्या बोलण्यात उत्साह होता, कोडं सुटल्याचा. आईने मला मध्येच थांबवलं. "मॅडम, आधे घंटे से आप उसी लड़के की बात कर रही हैं. मेरी बेटी रात को उठकर आइना देखती है."

मी रजिस्टर उघडलं. घटनेच्या नोंदीत छोटूचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, हजेरी क्रमांक. गुड्डीच्या जागी 'एक छात्रा'.

दहा दिवसांत मी तिच्याशी एकदाही बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बोलले. काय हवं विचारलं. मला वाटलं होतं माफी म्हणेल. तिने बोटांवर मोजून सांगितलं : तो माझ्या मागे बसायला नको. मला मॉनिटर व्हायचं नाही. आणि जुलैत त्याने माझ्या चार वह्यांची खाकी कव्हरं फाडली होती, ती पाहिजेत. कव्हरांची तक्रार तिने जुलैत केली होती. रजिस्टरमध्ये होतीही. शिक्षा झाली होती, कव्हर मात्र कोणी दिलं नव्हतं.

काय केलं

छोटूने आजीबरोबर बसून चार वह्यांना कव्हरं घातली. कडा वाकड्या, चिकटपट्टी ढीगभर. त्याने ती मधल्या सुट्टीत, मी शेजारी उभी असताना तिच्या हातात दिली आणि "सॉरी, पेन्सिल का भी" एवढं म्हणाला. तिने चारही नीट पाहिल्या. दोन ठेवून घेतल्या, दोनांची कव्हरं घरी जाऊन पुन्हा घातली, असं तिच्या आईने सांगितलं.

फळ्यावर नावं लिहिणं तिसरीत बंद केलं. शिक्षकखोलीत यावरून जो गदारोळ झाला तो टीसीच्या प्रश्नावरही झाला नव्हता. "मग वर्ग सांभाळायचा कसा?" हा प्रश्न खोटा नव्हता. एकटी बाई, एकेचाळीस मुलं आणि कार्यालयातून दर तासाला एक कागद. प्राचार्यांनी तोडगा काढला तो मला आवडला : तास चालू असताना शिक्षकाला कार्यालयात बोलवायचं नाही, कागद शिपायाच्या हाती वर्गात येईल. मॉनिटरचं काम वह्या गोळा करणं, खिडक्या लावणं, कचऱ्याचे दोन डबे बघणं. ओला कुठला, सुका कुठला यावर आमच्या शहरातलं पहिलीचं मूलही मोठ्यांना टोकतं, तिथे मॉनिटरला अधिकार गाजवायला हरकत नव्हती.

छोटूसाठी उतरवून घेणं तीन ओळींवर आणलं आणि त्या ओळी कागदावर लिहून बाकावर दिल्या, म्हणजे मान वर-खाली नको. तो दुसऱ्या रांगेत खिडकीशी, गुड्डी पहिल्या रांगेत दुसऱ्या टोकाला. बाहेर उभं करणं बंद. त्याऐवजी त्याच्याकडे एक पिवळं कार्ड. अंगात येऊ लागलं की कार्ड बाकावर ठेवायचं आणि पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन यायचं, दिवसातून दोनदा. आया बाईंना सेव फक्त मधल्या सुट्टीत द्यायला सांगितलं, ते त्यांना अजिबात आवडलं नाही. आणि रोज शाळेआधी वीस मिनिटं वाचन. माझे तीन दिवस, ग्रंथपालांचे दोन. सुरुवात मराठीतून, कारण 'बदक' म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं, 'डक' त्याच्यासाठी नुसता आवाज होता.

ऑक्टोबर

पहिले दोन आठवडे परिस्थिती बिघडली. सहा नव्या नोंदी. पिवळं कार्ड पहिल्या दिवशी सात वेळा बाकावर आलं. पूर्वी फाडाफाड केली की सुटका व्हायची, आता होत नव्हती, म्हणून त्याने आणखी जोरात फाडून पाहिलं. जुनी किल्ली लागेना की माणूस आधी ती जोरात फिरवतो. पुस्तकात हे मी वाचलेलं होतं. वर्गशिक्षिकेला ते आधी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. ती एका दुपारी रडत माझ्याकडे आली. "आपका प्लान उसके लिए है. मेरे लिए क्या है?" तिच्यासाठी खरंच काही नव्हतं. प्राचार्यांनी तिची आठवड्यातली दोन बदली तासिका काढून घेतल्या. बाकी काही नाही, तेवढंच, पण ती टिकली.

परिणाम

दिवाळीनंतर नोंदी कमी झाल्या. नोव्हेंबर-डिसेंबर मिळून तीन, जानेवारीत दोन. फेब्रुवारीत खेळाच्या दिवशी त्याने एका मुलाला कडकडून चावा घेतला. शर्यतीत बाद केल्यावरून. त्या वेळी मुलाच्या घरी दहा मिनिटांत फोन गेला. वाचनात तो फेब्रुवारीअखेर दुसरीच्या पातळीचा मजकूर बोट ठेवून, हळू वाचू लागला. रस्त्यावरच्या पाट्या वाचण्याचा नाद लागला. एका सोमवारी त्याने विचारलं, "मॅडम, दुकानावर 'पोहे' लिहायचं सोडून 'पोहा' का लिहितात? खाणारे तर खूप असतात." वडिलांचे शुक्रवारचे फोन चार-पाच चुकले, बाकी झाले. माराचं पुन्हा कानावर आलं नाही.

गुड्डीची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. दिवाळीनंतर तिच्या पालकांनी तुकडी बदलून मागितली आणि शाळेने लगेच दिली. जी शिक्षिका सप्टेंबरात हात जोडत होती, तिने हसत घेतली. चांगल्या मुलीला कोण नको म्हणणार? नव्या तुकडीत ती ठीक आहे, पण पहिलीपासूनची मैत्रीण जुन्या वर्गात राहिली. गालावर निळसर ठिपका आहे. म्हणजे टोक हिला लागलं आणि बाकही हिलाच सोडावं लागलं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी तो फोन. दोन तासांची ती दिरंगाई नसती तर ग्रुपवरचा फोटो बहुधा आलाच नसता. गुड्डीच्या आईचा अर्धा राग पेन्सिलवर नव्हता, तो घड्याळावर होता. आता शाळेत नियम आहे, डोक्याला किंवा चेहऱ्याला काहीही लागलं तर आधी घरी फोन, मग बर्फ.

तुकडी बदलायचीच होती तर ती छोटूची, सप्टेंबरातच. आम्ही एका शिक्षिकेच्या 'नको'वर थांबलो, कारण नकोशा मुलाला कोणाच्या गळ्यात घालणं अवघड वाटलं. त्याला त्रास झाला असता, नव्या वर्गात पुन्हा घडी बसवावी लागली असती, माझं काम वाढलं असतं. तरी. प्राचार्या इथे माझ्याशी सहमत नाहीत. त्यांच्या मते वाचन सुरू झालेल्या मुलाला त्या वेळी हलवलं असतं तर सगळं विस्कटलं असतं. असेलही.

प्रवेशाच्या वेळी पाच ओळी वाचून घेतल्या असत्या तर जुलैतच कळलं असतं. आता घेतात. नापास करायला नाही, बसवायचं कुठे ते ठरवायला. आणि रजिस्टर बदललं आहे. तीन रकाने : आधी काय चाललं होतं, काय झालं, नंतर काय झालं. पहिल्या रकान्यात शिक्षक स्वतः कुठे होते हेही लिहायचं असतं. हा रकाना बहुतेक वेळा रिकामा येतो आणि मी तो घेऊन वर्गावर्गांत फिरते. चौथा रकाना गुड्डीच्या आईमुळे आला, ज्याला लागलं त्याचं नाव आणि त्याने काय मागितलं.

एप्रिलमध्ये नवं सत्र सुरू होताना चौथीच्या याद्या नव्याने बनतात. प्राचार्यांनी दोघांना एका तुकडीत ठेवायचं का, असं मला विचारलं. मी म्हटलं, मला नका विचारू. गुड्डीला कार्यालयाऐवजी मैदानातल्या ओट्यावर गाठलं, मैत्रीण त्याच तुकडीत असेल आणि तोही असेल, असं दोन्ही सांगितलं. तिने वेणीचं टोक दातात धरलं.

"सोच के बताऊँगी," म्हणाली.

यादी अजून पेन्सिलनेच लिहिलेली आहे.